हिरड्याच्या राईपाशी वाकलेली हद्द

डोंगराच्या कडेनं सरकारी हद्दीच्या दगडांची ओळ दोरी लावल्यासारखी सरळ येते आणि हिरड्याच्या राईपाशी एकदम वाकते. येणारा-जाणारा विचारतो, इथंच का वाकली? तर ऐका.

या वाडीत एक चिमाई राहायची, तिचा लेक धावजी आणि सून सखू. सखूची दोन बाळं पाचवी पुजायच्या आतच गेली होती. दोन्ही वेळा ओढा दुथडी भरलेला, नाळ राईत नेता आली नव्हती. वाडीची रीत अशी, की मूल झालं की नाळ मडक्यात घालून हिरड्याच्या मुळाशी पुरायची. मग ते झाड त्या माणसाचं. त्याला कुऱ्हाड कोण लावेल?

तिसऱ्या खेपेला सखूचे दिवस भरत आले आणि नेमका सरकारचा साहेब दगड घेऊन आला. रान राखीव झालं म्हणे, आत पाय टाकायचा नाही. का, तर वाडीवाले झाडं तोडतात. आगगाडीच्या रुळांखाली घालायला समोरचा अख्खा डोंगर बोडका केला तो ह्यांच्याच ठेकेदारांनी, आणि रान राखायला शिकवायचं आम्हाला.

राईच्या अलीकडं दगडासाठी खड्डा खणून झाला होता, म्हणजे राईही राखीव रानात जाणार. चिमाई जाऊन त्यात बसली.

"म्हातारे, ऊठ," शिपाई म्हणाला. "झाडं सरकारची आहेत."

"असं? मग सरकारची नाळ कुठल्या झाडाखाली हाय, दाखव."

साहेब हसला. म्हणाला, तुमची तरी आहे कशावरून?

पुरलेली नाळ उकरणं म्हणजे त्या माणसाच्या आयुष्यावरच घाव, असं मानतात. धावजी पुढं झाला. "आये, माझं झाड दाखव त्याला."

चिमाई खड्ड्यातनं उठून त्या झाडापाशी गेली, कुदळ तिनं दुसऱ्या कुणाला दिली नाही. हातभर खाली मडकं लागलं. मुळानं ते असं कवटाळलं होतं, की सोडवायचं तर झाडच पाडावं लागलं असतं.

"पाडा," चिमाई म्हणाली. "राखायलाच आलाय ना?"

साहेबानं माफीबिफी मागितली नाही. दगड राईच्या पलीकडनं घाला, एवढं बोलून घोड्यावर बसला. चिमाईनं मडक्यावर माती हातांनी लोटली, पाय लागू दिला नाही.

आठव्या दिवशी सखूला मुलगी झाली. नाळ राईत गेली. पाचवी झाली, बारसं झालं, पोर जगली. तिच्या पाठीवर दोन भाऊ आले. धावजी म्हणे नव्वदी ओलांडून गेला. आजही वाडीतली निम्मी घरं त्याच्याच वंशाची आहेत.