मामाची दाढी आणि गार्गीचं जावळ

“…पण बाबा, आधी तेल का आधी क्रीम?”

“कुणाला?”

“मला! अजून कुणाला?”

झुंबरबाबा मठाच्या ओट्यावर चहा पीत होते. पुढ्यात त्यांचा शिष्य इंद्रजित. गळ्यात बाबांनी घातलेली माळ आणि मांडीवर बाटल्यांची पिशवी. तोंड धुवायचं वेगळं, गालाचं वेगळं, उन्हाचं वेगळं. दाढीचं तेल, दाढी ताठ ठेवायचं मेण, वर दोन कंगवे. नवरीच्या रुखवतात एवढं मांडत नाहीत.

त्या दिवशी मठात त्याच्या भाचीचं, गार्गीचं जावळ होतं. लेकराचे पहिले केस मामाच्या मांडीवर बसवून काढायचे, ही रीत. आणि इंद्रजितच्या बहिणीला, सारिकाला, भाऊ हा एकच. वडील गेलेले.

म्हणून पठ्ठ्या पहाटेच उठला होता. धुतलं, चोळलं, चोपडलं. दाढी अशी चकाकत होती की लग्नातला बूट बरा.

“गावातली सगळी पोरं मलाच विचारतात, बाबा. सकाळी तोंडाचं कसं कसं करायचं ते मी शिकवलं त्यांना. एवढं एकच अडतं. तेलावर क्रीम बसत नाही, आणि क्रीमवर तेल लावलं की गालावर पुटकुळ्या येतात. तुमची एवढी लांब दाढी… तुम्ही काय करता?”

बाबांनी दाढी झटकली. खारीचा चुरा पडला.

“सांगा ना!”

तेवढ्यात खालून हाक आली. “अहो मामा, चला! न्हावी बसलाय! ऊन पायरीवर आलं की मुहूर्त टळला!”

इंद्रजित उड्या मारत खाली गेला. पाटावर ऐटीत बसला. फोटोवाल्याकडे बघून हनुवटी वर केली.

सारिकानं गार्गीला त्याच्या मांडीवर ठेवलं. फोटोसाठी तो पापा घ्यायला वाकला.

मेणानं ताठ झालेली दाढी लेकराच्या गालाला लागली. वर तो झोंबरा पुदिन्याचा वास. गार्गी धनुष्यासारखी वाकडी झाली आणि असं भोकाड पसरलं की झाडावरचे बगळे उडाले.

परत ठेवली. परत तेच. नुसता त्याचा चेहरा जवळ आला तरी पोरगी किंचाळायला लागली.

सारिकाची सासू कंबरेवर हात ठेवून उभी.

“मामा आहे का साळिंदर? उठवा त्याला. आमचा दिनेश बसंल, चुलता आहे सख्खा. जावळ काय आमचं अडत नाही!”

“आत्याबाई, जरा थांबा की…” सारिकानं सासूला विनवलं.

“किती थांबू? ऊन थांबणार आहे का?”

दिनेश खरंच पुढं सरकला. सदऱ्याच्या बाह्या वर करून.

सारिका भावाच्या कानाशी वाकली. “दादा, माझ्या माहेरचं इथं तुझ्याशिवाय कोण आहे रे? आज तू उठलास ना, तर जन्मभर मला ऐकवतील. कर काहीतरी.”

इंद्रजितचा चेहरा उतरला. तरी हात गेला तो पिशवीतच!

“थांब. दुसरं तेल आहे माझ्याकडं. त्याचा वास कमी…”

तोवर बाबा खाली आले होते. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, इंद्रजितचे दोन्ही हात पाठीमागं नेले आणि बांधून टाकले.

“बाबा!”

“हं. आवर आता.”

“हात बांधून?”

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला.

जावळ झाल्यावर लेकराला न्हाऊ घालायचं, म्हणून सगळं तयार होतंच. कोमट पाण्याचं घंगाळ, साय घातलेलं डाळीचं पीठ, वाटीत खोबरेल. बाबांनी एकेक उचलून इंद्रजितच्या पुढ्यात ठेवलं.

“पोरगी खाली सोड, सारिका.”

“रडंल ती, बाबा.”

“सोड.”

गार्गी जमिनीवर बसली. हुंदके देत मामाकडं बघितलं. मामाला हात नाहीत. धरणार नाही, ओढणार नाही, पापा घेणार नाही. नुसता बसलाय, घाबरलेल्या बैलासारखा.

मग तिला पाणी दिसलं.

रांगत आली आणि घंगाळात थाप मारली. पाणी उडालं ते मामाच्या तोंडावर. मामा दचकला. पोरगी खुदकन हसली!

दुसरी थाप. तिसरी.

“बाबा, नाकात गेलं!”

“गप.”

मग काय विचारता! पोरीनं पिठात मूठ घातली आणि सरळ मामाच्या दाढीत. चोळलं. ओढलं. भुवईला लावलं, थोडं स्वतः खाल्लं. मेण निघालं, पुदिना निघाला. दाढी ओल्या मांजरासारखी लोंबायला लागली. बायका पोट धरून हसत होत्या. दिनेशनं बाह्या खाली केल्या आणि तोही टाळ्या वाजवायला लागला.

आणि सासू? ती तर पुढं येऊन ओरडायला लागली, “अगं, कानामागं राहिलं! त्या कानामागं लाव! इंद्रजित, वाक की मेल्या, तिचा हात पुरत नाही!”

इंद्रजित वाकला. पार लेकराच्या उंचीला आला. सासूनंच त्याच्या डोक्यावर तांब्याभर पाणी ओतलं. मग गार्गीनं खोबरेलाची वाटी उचलली आणि अख्खी त्याच्या हनुवटीवर पालथी केली.

तेल गळ्यातल्या माळेवरून खाली ओघळलं. तो हलला नाही.

पोरीनं दोन्ही मुठींनी दाढी धरली. तिला लोंबकळत उभी राहिली. आणि एक पाय टाकून, आपली आपण, मामाच्या मांडीवर चढून बसली.

सासूनं लेकराचं डोकं अलगद धरलं. न्हाव्यानं वस्तरा टेकवला. सारिकानं ओटी पसरली आणि एकेक बट झेलली. गार्गी दाढीची शेंडी तोंडात घालून चोखत बसली होती, हूं नाही का चूं नाही.

ऊन पायरीवर आलं तेव्हा पोरगी चकचकीत गोटा झाली होती. सगळ्यांनी एकच गलका केला. सासूनं पहिला पेढा कुणाच्या तोंडात घातला? इंद्रजितच्या.

बाबांनी पंचा सोडला.

इंद्रजितनं हात पुढं आणले, पण तोंड पुसलं नाही. गालावर पीठ वाळत होतं, त्यातून डोळ्यातलं पाणी वाट काढत होतं, आणि तो दात काढून हसत होता. गार्गी त्याच्या छातीवर झोपली होती, मूठ अजून दाढीत घट्ट.

“बाबा,” तो हळूच म्हणाला, लेकरू उठू नये म्हणून. “आता ही दाढी ठेवू का काढू?”

बाबांनी पंचा पिळला. झटकला. खांद्यावर टाकला.

“जिची आहे, तिला विचार.”