बिननखांचं जनावर

माणसाला पायी चालायचा कंटाळा नुकताच आला होता, तेव्हाची गोष्ट. सरकारी माळावर गोंदाजी ससा राहायचा. माग वाचण्यात असा तरबेज, की मुंगीचं पाऊल बघून तिचं सासर सांगायचा.

एकदा माळावर जीपगाडीच्या चाकांचे पट्टे उमटले. गाडी तिथं कुणाला ठाऊक नव्हती. गोंदाजीनं पट्टे हुंगले. "नख नाही. म्हणजे गवत खाणारं जनावर."

"पण काका, ते गुरगुरतं," चिमी तितरीण म्हणाली.

"पोटात वात धरला असेल. काटेकुटे चिरडून वाट करून दिलीय, खुशाल चाला."

सगळे त्या वाटेनं हिंडू लागले. चिमीही पिलांना घेऊन निघाली. समोरून तेच जनावर धुरळा उडवत आलं आणि थांबलं. गोंदाजी रामराम करायला पुढं झाला, तोच जनावराची कूस उघडली आणि आतून दोन माणसं उतरली, बंदुकांसकट.

आवाज झाला. वाटेवर चिमीची पिसं तेवढी उरली.

गोंदाजीचे कान ताठ ते ताठच. बोरीच्या जाळीत दडलेल्या पिलांनी विचारलं, "काका, ते गवतच खातं ना?"

"ते काहीच खात नाही, लेकरांनो," गोंदाजी कसाबसा म्हणाला. "खाणाऱ्यांना पोटात बसवून आणतं."