शेवटचं रीळ

जयमाला टॉकीजच्या दारावर तिकिटं फाडण्यात माझी तीस वर्षं गेली. एकदा टॉकीजसमोरच्या टपरीवर वाद पेटला. वर्तमानपत्रात सिनेमावर लिहिणारे गुर्जरसाहेब म्हणाले, "यंदाचं बक्षीस कालच्याच सिनेमाला!"

मी म्हणालो, "मिळणार नाही."

"तिकिटं फाडणाऱ्याला सिनेमातलं काय कळतं?" ते कडाडले.

सकाळीच परगावाहून आलेले मालक मला म्हणाले, "दगडूबा, साहेबांची माफी माग. नाहीतर बॅटरी ठेव आणि घरी जा."

"मागतो. पण साहेब, शेवट कसा वाटला?"

"अप्रतिम! सगळं थिएटर रडत होतं."

"रडत नव्हतं, बोंबलत होतं. शेवटचं रीळ काल मशीनमध्येच जळालं. तुम्ही मध्यंतरात उठून गेलात, म्हणून कळलं नाही. नवं रीळ आज आलंय."

मालक हसले. "दगडूबा, साहेबांना आजचा पास दे. आणि सिनेमा संपेपर्यंत दार उघडू नकोस."