तळ्यातल्या खांबाच्या खुणा

कोरडवाहू मुलखातल्या एका गावात गोंदाजी नावाचा पाटकरी होता. तळ्याचे पाणी गावाला वाटून देणे हे त्याचे काम. तळे नरसाळ्यासारखे, वर रुंद आणि खाली निमुळते. मध्ये एक दगडी खांब. त्यावर गोंदाजीने आधी वीत-वीत अंतरावर खुणा केल्या. पण वरची वीत महिनाभर पुरे आणि तळाची एका दिवसात संपे. मग त्याने वरच्या खुणा जवळ घेतल्या, तरी मेळ बसेना. तीन उन्हाळे तो रोजच्या घागरी मोजत राहिला, खुणा पुसत आणि पुन्हा कोरत राहिला. अखेर वर दाट, खाली विरळ अशा खुणा बसल्या. आता कुठलीही एक खूण म्हणजे आठ दिवसांचे पाणी. मृगापर्यंत पुरेल की नाही, हे शेंबडे पोरही सांगू लागले.

एके दिवशी राजाचे नवे कारभारी रंगराव तळे पाहायला आले. खुणा पाहून त्यांनी नाक मुरडले.

"हे काय माकडाने कोरले?"

"सरकार, तळंच खाली निमुळतं हाय. खुणा सारख्या केल्या तर गाव फसंल."

"मला शिकवतोस?"

झाले! गवंडी आला आणि खुणा एकसारख्या झाल्या. गावानेही माना डोलावल्या. दिसायला नीटनेटके असले की गावाला पुरते.

फाल्गुनात पाणी खांबाच्या निम्म्यावर आले. रंगरावांनी खुणा मोजल्या. "अर्धे तळे शिल्लक आहे. राजवाड्याच्या बागेला पाणी सोडा."

गोंदाजी पाटाच्या तोंडाशी आडवा पडला. "अर्धं न्हाई सरकार, आठवा हिस्सा उरलाय! माणसं मरतील!"

शिपायांनी त्याला ओढून बाजूला केले. गाव काठावर उभे राहून बघत होते.

चैत्र सरायच्या आत तळ उघडा पडला. गुरे तडफडून मेली, मागोमाग दोन म्हातारी माणसे आणि एक तान्हे मूल. रंगरावांनी राजाला लिहिले, 'पाटकऱ्याने पाणी चोरले.' अक्षर सुंदर होते. राजाने गोंदाजीला हद्दपार केले. ज्यांच्यासाठी त्याने तीन उन्हाळे घागरी मोजल्या, त्यांच्यातल्या एकानेही तोंड उघडले नाही. उलट तो जाताना त्यांनी त्याच्यावर दगड फेकले.

तात्पर्य: मोजायची वस्तू जशी असेल तशी मोजपट्टी आखावी लागते. मोजपट्टी देखणी हवी म्हणून हट्ट धरणाऱ्याची चूक दुसऱ्याच्या जिवावर बेतते, आणि शिक्षा खरे मोजणाऱ्यालाच होते.