अकरादारीची शेवटची तुळई

खडकुंबे गावाच्या वरच्या अंगाला, माळाच्या उतारावर, अकरा घरांची एक सलग ओळ आहे. तिला अकरादारी म्हणतात. दगडी भिंती, वर मातीचं सपाट माळवद, आणि अकराही दारं उगवतीकडे. पाहायला आलेली माणसं पहिल्यांदा हेच विचारतात, की दोन घरांच्या मध्ये बोळ कसा नाही? बोळ नाहीच. दोन घरांना मिळून एकच भिंत आहे आणि त्या भिंतीतले लांब दगड दोन्ही घरांत डोकं काढून बसले आहेत. गावातल्या पार्वताक्का पाहुण्यांना कट्ट्यावर बसवतात, पाणी देतात आणि मग यामागची हकिकत सांगतात. त्यांनी ती सासूकडून ऐकली, सासूने तिच्या सासूकडून.

फार जुनी गोष्ट. गावाला देवळाची ओवरी आणि विहिरीचं बांधकाम करायचं होतं म्हणून दगड घडवणारी अकरा कुटुंबं इथे आली. ओवरी झाली, विहीर झाली, मग पाटलांच्या वाड्याचा सोपा झाला, सुताराचं घर झालं. गावातली एक भिंत अशी उरली नाही, जिच्यावर या माणसांची छिन्नी चालली नव्हती. ती स्वतः मात्र ओढ्याकाठी पालांत राहायची. चार काठ्या आणि वर फाटकी घोंगडी, हेच त्यांचं घर.

त्यांच्यात हौसा नावाची एक बाई होती. नवरा नव्हता. तीन लेकरांपैकी एक पालात शिरलेल्या सापाने नेलं, एक थंडीने. उरली ती गजरा. गजरा सासरी नांदत होती, पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. माहेर म्हणजे तेच पाल. हौसाने मनाशी धरलं, की हे लेकरू काही पालात जन्माला येणार नाही.

ती सरळ सुभानराव पाटलांच्या दारात जाऊन उभी राहिली, असं सांगतात.

"पाटील, ह्यो तुमचा सोपा कुणी बांधला?"

"तुम्हीच की."

"मग आमचा कवा बांधायचा?"

पाटील हसले, पण हसून त्यांना गप्प बसवेना. त्यांनी गाव बोलावलं. कुणी म्हणालं, फिरस्ती माणसं, अर्धं बांधून निघून जातील. कुणी म्हणालं, जागा कुठली द्यायची? शेवटी लिंगू सुतार बोलला. तो गावात सगळ्यांत जुना माणूस. "माळावर गवतबी उगवत न्हाई. तिथं माणसं उगवली तर काय वाईट? लाकूड माझ्याकडं लागलं." मग ठरलं. जागा गावाची, लाकूड सुताराचं, दगड आणि कसब त्या अकरा कुटुंबांचं. राहिले हात. आपल्याकडे सोमवारी औत धरत नाहीत. बैलांचा तो विसाव्याचा दिवस. गावाने आपले सोमवार माळाला दिले.

काम सुरू झालं आणि पहिल्याच महिन्यात चूक झाली. दगडाच्या कारागिराखेरीज कुणाच्या हातून ती झाली नसती. ज्याने त्याने आपलं घर आपण बांधायला घेतलं. चांगला दगड दिसला की तो आपल्या कोपऱ्यात बसायचा. कोपरे असे देखणे उठले, की गाव बघायला आलं. पण दोन घरांच्या मधल्या भिंती कुणाच्याच नव्हत्या. तिथे उरलासुरला दगड भरला, सांधा कुणी घातला नाही. एका वादळात तीन भिंती बसल्या. देखणे कोपरे माळावर एकटे उभे राहिले.

त्या पडलेल्या भिंतीपाशी हौसाने सगळ्यांना गोळा केलं. "दुसऱ्याचं घर बांधताना आपली भिंत कधी पडली का रं? मग आपलं बांधताना का पडली?" मग तिने देवाचा भंडारा उचलून शपथ घातली. आजपासून कुठलं घर कुणाचं, ते ठरवायचं नाही. अकराही घरं सगळ्यांनी बांधायची. अकराव्यावर छत चढेपर्यंत एकाही दारात कुणी राहायला पाऊल ठेवायचं नाही. मगच खडे टाकून ठरेल, कुणाला कुठलं.

"एवढं कशापायी?" तिच्या दिरानं विचारलं. "झालं त्यात जावं एकेकानं."

"दहा आत गेले, की अकराव्यासाठी दगड कोण उचलतंय? तू उचलशील?"

दिरानंच पहिला हात पुढे केला. सगळ्यांनी भंडारा उचलला. तेव्हापासून दोन घरांना मिळून एकच भिंत, लांब दगडांनी सांधलेली, अशी चढली, की आजवर एक दगड हललेला नाही.

आषाढ आला. गजरा माहेरी आली. दहा घरांवर माळवद चढलं. अकराव्याची तुळई, म्हणजे सगळं छत पेलणारं मोठं लाकूड, तेवढी राहिली. लिंगू सुताराने ती तासून, गाडीवर बांधून तयार ठेवली होती. चार बैलांचं ओझं. बेंदूर हा बैलांचा सण झाला, की पुढच्या सोमवारी सगळ्यांनी मिळून चढवायची असं ठरलं.

आणि बेंदराच्या दिवशीच, दिवस भरायला अजून पंधरा दिवस असताना, गजराला कळा सुरू झाल्या.

बायकांनी तिला माळावर आणलं. दहा घरं सारवून तयार होती. हौसा पहिल्या दाराशी गेली. कडीवर हात ठेवला. मागे सगळे उभे होते. कुणी अडवलं नसतं. एकजण तर म्हणालासुद्धा, "जा वहिनी आत, लेकराला शपथ लागत न्हाई." हौसाला तो शब्द गोड लागला, आणि गोड लागला म्हणूनच तिला भीती वाटली. आज तिच्यासाठी एक दार उघडलं, की उद्या दुसरं कुणासाठी तरी उघडणार, आणि एका कुटुंबाचं पाल ओढ्याकाठी तसंच राहणार. तिने कडी सोडली.

"आई, शपथ तू घातलीस आन् कळा मला येत्यात!" गजरा ओरडली.

"दम धर गं माझे बाय. दिवस मावळायच्या आत तुला भिंतीच्या आत घेते." असं म्हणून हौसा जी पळत सुटली, ती थेट गावात.

गावात बैलांची शिंगं रंगवणं चाललं होतं. झुली निघाल्या होत्या. घराघरांत पुरण शिजत होतं. हौसा गाडीपाशी उभी राहिली आणि तिने सांगितलं काय ते. माणसं चुळबुळली. बेंदराच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हा तर देवाचा नेम. पाटीलही म्हणाले, "हौसा, माग ते देतो. पण आज बैलाला हात लावता येत न्हाई."

"बैल कुणी मागितला?" हौसा म्हणाली. तिने पदर खोचला आणि वाकून जुवाखाली खांदा घातला.

मग लिंगू सुतार पागोटं काढत पुढे आला. "सरक जरा पोरी. लाकूड माझं हाय." तो जुवाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिला. त्या म्हाताऱ्याला पाहून पाटलांनी अंगरखा उतरवला. मग कोण मागे राहतंय? कुणी जुवाला, कुणी चाकांना, कुणी दोराला. पाटलीणबाई चुलीपाशी पुरण सोडून आल्या आणि पाटलांकडे बघून हसत म्हणाल्या, "अगं बाई, आमच्या बैलाची शिंगं रंगवायची राहिली की!"

गाडी हलली. म्हणे, ज्या चढावर चार बैलांच्या तोंडाला फेस यायचा, तिथे ती एकदाही मागे सरकली नाही. आणि म्हणे, गावातले सगळे बैल, कासरा न धरता, रंगलेल्या शिंगांनी, एकामागे एक गाडीच्या पाठोपाठ चालत माळावर आले. हे खरं का, असं पाहुणे विचारतात. पार्वताक्का म्हणतात, "माझ्या सासूनं खोटं कधी सांगितलं न्हाई, आन् मी तिला तेवढं विचारलंबी न्हाई."

तुळई चढली. तिच्यावर दांड्या पडल्या, पाला पडला, टोपल्यांमागून टोपल्या पांढरी माती पडली. बायका सणाच्या लुगड्यांनिशी वर चढल्या आणि माती तुडवू लागल्या. खाली दाराबाहेर गजरा कण्हत होती, वर बायका गाणी म्हणत होत्या, म्हणजे तिला फक्त स्वतःचंच कण्हणं ऐकू येऊ नये. ऊन कलतं झालं, तेव्हा लिंगू सुताराने वरून हात हलवला.

हौसाने अकरावं दार ढकललं आणि लेकीला आत नेलं. तिच्या पाठोपाठ उरलेली दहाही दारं उघडली. सूर्य डोंगराला टेकला होता, तेव्हा आतून रडणं ऐकू आलं. मुलगी झाली होती. माळावर असा गजर उठला, की खाली देवळातला पुजारी बाहेर धावत आला.

बाराव्या दिवशी खडे टाकले. हौसाला तिसरं घर आलं. जिथे नात जन्मली ते अकरावं घर दिराला आलं. कुणी अदलाबदल मागितली नाही. सगळी सारखीच होती.

आणि बेंदराच्या त्याच संध्याकाळी गाडी ओढून आलेल्या माणसांचे खांदे सोलवटलेले पाहून पाटलीणबाईंनी बैलांसाठी आणलेली हळद आणि तेल घेतलं आणि म्हाताऱ्या सुतारापासून सुरुवात करून एकेकाचा खांदा मळला.

आजही खडकुंब्यात बेंदराला माणसं गाडी ओढतात आणि बैल मोकळे, मागून चालतात. ज्यांना घर नाही त्यांच्यासाठी त्या साली जे बांधायचं असेल, त्याचं सामान गाडीत असतं. आता तुळईच्या जागी लोखंडी सळ्या असतात, माती जाऊन सिमेंट आलं. जागा ग्रामपंचायत देते, सामान पतसंस्था आणि तालुक्याची माणसं मिळून देतात, आणि सोमवार अजून गावाचेच आहेत. गेल्या साली माळाच्या पलीकडे सात घरं झाली, वीटभट्टीवर राबणाऱ्या कुटुंबांची. सहा पूर्ण झाली तरी कुणाच्या हाती किल्ली दिली नव्हती. बेंदराला पतसंस्थेचे साहेब कौतुकाने फोटो काढायला आले होते. पार्वताक्कांनी त्यांना जुवापाशी उभं केलं. चढ संपेपर्यंत साहेबांचा सदरा घामाने निथळत होता, वर खांदे मळताना तो हळदीने पिवळा झाला, आणि ते तसेच, त्याच सदऱ्यात, सातव्याचंही काम उरकून सात बायकांनी सात कुलपं एकदम उघडली तेव्हा टाळ्या वाजवत उभे होते.