धुतलेले पाय

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका, ज्यांनी ती मला सांगितली त्यांनाही ते ठाऊक नव्हते. खाडीच्या काठी ख्रिस्ती लोकांचे एक गाव होते आणि त्या गावात दोन भाऊ होते. थोरला प्रार्थनामंदिराचा प्रमुख होता. धाकटा अकरा वर्षांपूर्वी गाव सोडून गेला होता.

तो गेला त्याला कारण थोरलाच. धाकट्याला दारूची सवय होती आणि थोरल्याने एका रविवारी सगळ्या मंडळीसमोर उभे करून त्याला बोल लावले. धाकटा अंगावरच्या कपड्यांनिशी खाडीपलीकडे गेला आणि मिठागरावर कामाला लागला. आई त्याची वाट बघत बघत खंगली. मरताना तिने थोरल्याचा हात धरून एवढेच मागितले, "त्याला घरी आण." तेव्हापासून थोरला रोज पहाटे गुडघे टेकून भावासाठी प्रार्थना करी. मनापासून करी, हेही सांगायला हवे. खाडी ओलांडून जायला मात्र एवढ्या वर्षांत त्याला सवड झाली नाही.

गावात एक रीत होती. पुनरुत्थानाच्या सणाआधीच्या गुरुवारी प्रमुखाने बारा माणसांचे पाय धुवायचे, कारण प्रभूनेही आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते. रीत चांगलीच होती, पण गाव पडले नीटनेटके. ज्यांची निवड होई ते आठ दिवस आधीपासून पायांच्या मागे लागत. टाचा वज्रीने घासत, नखे काढत, खोबरेल चोळत. त्या दिवशी तर पायांना धूळ लागू नये म्हणून त्यांना घरापासून मंदिरापर्यंत बैलगाडीतून आणत. प्रमुखाच्या हाती मळके पाय दिले असते तर घराण्याची केवढी शोभा झाली असती!

पाणी ओतले जाई आणि परातीत जसेच्या तसे नितळ उतरे. थोरला ते पाय पांढऱ्याशुभ्र पंचाने टिपी. लोकांचे डोळे भरून येत. "याच्याकडे बघितलं की देव कसा असेल ते कळतं," असे म्हाताऱ्या एकमेकींना सांगत. थोरल्याच्या कानावर ते जाई, आणि जावे असे त्यालाही वाटे.

त्या वर्षी चार गावांचे पाहुणे आले होते. बाकावर अकरा जण बसले होते. बारावा तापाने पडल्यामुळे त्याची जागा रिकामी होती. थोरला आठव्या माणसापाशी पोचला, तेवढ्यात एक जण दारातून आत आला आणि शेजारच्याच त्या रिकाम्या जागेवर बसला. थोरल्याला आधी त्याचे पाय दिसले. खाऱ्या पाण्याने ते फुटले होते. टाचांच्या भेगांत काळा चिखल बसला होता आणि एका अंगठ्याशी जखम चिघळून वाहत होती. मग थोरल्याने मान वर केली. समोर भाऊ होता.

ज्याच्यासाठी इतकी वर्षे गुडघे झिजवले तो आपल्या पायांनी चालत आला होता. थोरल्याचे काळीज हलले. त्याने हात पुढेही केला. मग त्याचे लक्ष पाहुण्यांकडे गेले, परातीतल्या नितळ पाण्याकडे गेले, खांद्यावरच्या पंचाकडे गेले.

"बाहेर विहीर आहे," तो हळूच म्हणाला. "पाय तेवढे धुऊन ये."

"धुऊन घ्यायलाच आलोय, दादा," धाकटा म्हणाला.

"तसं नव्हे रे. एवढे लोक बसलेत. पटकन जाऊन ये, मी थांबतो."

आवाज त्याचा मऊच होता. तो नेहमीच मऊ बोले.

धाकट्याने आपल्या पायांकडे पाहिले, मग शेजारच्या तेल लावलेल्या पायांकडे. "दारू सोडून चार वर्षं झाली, तेही सांगायचं होतं," एवढे बोलून तो उठला आणि लंगडत बाहेर गेला. थोरला खरेच थोडा वेळ थांबला. मग उपासना पुढे सुरू झाली. धाकटा विहिरीकडे वळलाच नव्हता.

रविवारी येईल, असे थोरल्याने मनाला समजावले. सण गेला, तो आला नाही. थोरल्याने पहाटेची प्रार्थना वाढवली. "देवा, माझ्या भावाला घरी आण," असे तो पूर्वीपेक्षा कळवळून म्हणू लागला. देवाने आणून दिलेला भाऊ आपणच परत पाठवला, हे त्याच्या जिभेवर येई आणि तो ते गिळून टाकी.

आंबे उतरायच्या दिवसांत होडीवाल्याने निरोप आणला. जखमेचे विष अंगात भिनून धाकटा गेला होता. पलीकडच्या लोकांनी त्याला पुरलेसुद्धा.

त्याच दिवशी थोरला पहिल्यांदा खाडी ओलांडून गेला. मिठागराच्या बांधाशी ताज्या मातीचा उंचवटा होता आणि त्यावर दोन काटक्यांचा वाकडातिकडा क्रूस रोवला होता. शेजारी एक म्हातारी बसली होती. तिचेही पाय तसेच फुटलेले.

"तुम्हीच का त्याचे दादा?" तिने विचारले. "लेकासारखं केलं त्यानं माझं. दारू सुटली तसा रोज देवाचं सांगायचा. आमचा देव खाली बसून माणसाचे पाय धुतो म्हणायचा. आम्हाला नवल वाटायचं. आमच्या पायांना कोण हात लावतो? आम्ही म्हटलं, तू जा, बघून ये. खरं असलं तर आम्ही सगळे येतो."

"खरं आहे, आजी," थोरला म्हणाला. "देव तसाच आहे. मी धुतो तुमचे पाय. आत्ता, इथंच धुतो." तो चिखलात बसला आणि त्याने हात पुढे केला.

म्हातारीने पाय आखडून घेतले.

"राहू द्या," ती म्हणाली. "तो परत आला तेव्हा आम्ही विचारलं, धुतले का पाय? तो तसाच कामाला लागला. पण पायांवर तोच चिखल होता, दिसत होतं आम्हाला. शेवटपर्यंत म्हणत होता, यात देवाची काही चूक नाही. असेलही. पण आम्ही अडाणी माणसं. देव आम्ही कुठं पाहायचा? तुमच्यावरूनच कळायचा होता."

ती उठून कामाला गेली. थोरला तिथेच बसून राहिला.

त्यानंतर तो जिवंत असेपर्यंत दर आठवड्याला खाडी ओलांडून जात राहिला. लोक त्याला सावलीत बसवत, प्यायला पाणी देत. पाय मात्र कोणीच पुढे केले नाहीत, आणि त्याच्या देवाचे नाव त्या मिठागरावर पुन्हा कोणी काढले नाही.

बोध: जो देवाचे नाव लावतो त्याच्या वागण्यावरूनच लोक देवाचा स्वभाव ओळखतात, त्याने दार लावले की लोकांच्या लेखी ते देवानेच लावलेले असते.