पाठीला माती

“वस्ताद, रक्त हरतं का?”

हुसेन वस्ताद कट्ट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

दुपार टळायला आली होती. पोरं खुराक खाऊन आपापल्या खोलीत आडवी झाली होती आणि हौदापाशी दुसरं कुणी नव्हतं. नुकत्याच उकरलेल्या तांबड्या मातीच्या हौदाशी धैर्यशील इंगवले उभा होता.

इंगवल्यांचं घर म्हणजे पैलवानांचं घर. आजा कधी हरला नाही. बाप कधी हरला नाही. धैर्यशीलही कालपर्यंत हरला नव्हता.

काल जत्रेच्या मैदानात, शेवटच्या कुस्तीत, सोपान पतंगे नावाच्या शिंप्याच्या पोरानं बघता बघता त्याची पाठ मातीला लावली. फेटा बांधून पुढं बसलेला बाप उठला आणि पोराकडं न बघता निघून गेला. घरी आल्यावरही बोलला नाही.

“बोला की, वस्ताद.”

“काय बोलू? दमलोय मी.”

“पुण्याच्या मोठ्या डॉक्टरांनी माझं रक्त तपासलं होतं. म्हणाले, असे स्नायू लाखात एकाला मिळतात. जनुकं म्हणतात त्याला. आईबापाकडनं येतात.”

“खरंच सांगितलं त्यांनी.”

रक्तबिक्त सगळं झूट, मेहनत तेवढी खरी, असं काहीतरी वस्ताद म्हणतील आणि आपण त्यावर भांडू, असं ठरवून धैर्यशील आला होता.

“मान तू घरनंच आणलीस,” वस्ताद म्हणाले. “कंबर आणलीस. दम तर आज्याचाच. बाकीच्या पोरांच्या एकेका मानेपायी माझी वर्षं गेली. तुझ्यासाठी मी काय केलं? … फुकटचा वस्ताद म्हणवून घेतलं.”

“मग हरलो कसा?”

“सोपान चांगला लढला.”

“त्याचा बाप शिंपी, आजा शिंपी!”

“असंल.”

वस्तादांनी दुसरा गुडघा पुढं घेतला.

धैर्यशीलनं खांद्यावरचा लंगोट काढला. घडी केली. कट्ट्यावर ठेवली.

“हा घ्या. मला आता होत नाही. जिंकलो की लोक म्हणायचे, आज्याचं रक्त बोललं. बापाचं रक्त बोललं. माझं नाव कुणी घेतलं नाही कधी. काल हरलो, तर सगळं मैदान माझंच नाव घेऊन ओरडत होतं.”

वस्तादांचा तेलाचा हात थांबला. बऱ्याच वेळानं त्यांनी पोराकडं नीट पाहिलं.

“तुझ्या बापानंबी असाच ठेवला हुता. हितंच.”

“आबांनी? ते कुठं हरले होते?”

“न्हाई हरला, म्हणूनच ठेवला. ऐन भरात हुता. पुढच्या मैदानाला उत्तरेकडचा एक तगडा पैलवान यायचा हुता. हा लंगोट घेऊन आला. म्हणाला, वस्ताद, नाव राहू द्या.”

“मग?”

“मग काय … राहिलं की नाव.”

धैर्यशीलला आठवलं, आबा तालमीच्या या गल्लीत कधी पाऊल टाकत नाहीत. बाजारात जायचं तर नदीकडून लांबचा वळसा घेतात. लहानपणापासून तो हे बघत आला होता, पण का, ते कधी विचारलं नव्हतं.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

वस्ताद भिंतीला धरून उठले. गुडघे कटकन वाजले. ते हळूहळू हौदात उतरले आणि मातीवर बसले.

“ये. पड हितं. पाठीवर.”

धैर्यशील जागचा हलला नाही.

“पड म्हणतोय न्हवं.”

तो आला. ओणवा झाला, हात टेकले, आणि पाठीवर पडला. तालमीत तो कितीदा पडला असेल, पण पाठ टेकताच उसळी मारून उठायचा. आताही अंगानं आपसूक उसळी घेतली.

वस्तादांनी त्याच्या छातीवर हात ठेवला. हात म्हाताऱ्याचाच होता, त्यात जोर नव्हता. ढकलला असता तर बाजूला झाला असता.

“पडून ऱ्हा.”

तो पडून राहिला.

दोन्ही खांद्यांखाली माती गार लागत होती. काल ती कशी लागली, ते त्याला आठवत नव्हतं. काल फक्त आरडाओरडा होता, आणि उठून जाणारा फेटा होता. त्याच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी निघालं आणि कुस्त्यांनी सुजून घट्ट झालेल्या कानांत उतरलं. त्यानं ते पुसलं नाही. वस्तादांनीही न पाहिल्यासारखं केलं.

…

“मेलास का?” वस्तादांनी विचारलं.

“… नाही.”

वस्तादांनी छातीवरचा हात काढून घेतला.

“मग ऊठ आता. तुझ्या घराण्यात हे आजवर कुणाला शिकवायची पाळी आली न्हवती.”